पान गुंडाळणारा पतंग ओळखायचा कसा: सुरळीपासून नावापर्यंत

भेंडीच्या पानाची सुरळी सकाळी दिसते. त्याच रात्री व्हरांड्यातल्या दिव्याखाली एक बारका तपकिरी पतंग बसलेला असतो. मग दोघांची सांगड घातली जाते, फोटो निघतो आणि नाव ठरतं. दहातल्या आठ वेळा ते चुकीचं असतं, कारण दिव्याखालचा पतंग कुठून आला हे कोणालाच माहीत नसतं.

दुसरी अडचण आपल्या शब्दाची. ‘पाने गुंडाळणारी अळी’ हे कामाचं नाव आहे, जीवाचं नाही. भातावर हे नाव नॅफालोक्रोसिस मेडिनालिस या पतंगाच्या अळीला लावतात, कपाशी-भेंडीवर हारिटालोडीस डेरोगाटाच्या अळीला. हळदीवर तेच काम उडास्पेस फोलसची अळी करते आणि तो तर पतंगही नाही, फुलपाखरू आहे. एकाच नावाखाली तिघे आले. म्हणून ‘पाने गुंडाळणारी अळी आहे’ एवढ्यावर कोणी औषध सांगितलं, तर ते फवारण्याआधी पुढचे टप्पे करा.

या लेखाचा सगळा भर एका गोष्टीवर आहे: पतंगाला शेवटी बघायचं. आधी झाड, मग सुरळी, मग अळी, मग कोष आणि या साखळीच्या टोकाला पतंग. साखळी तुटली की उरतो तो अंदाज.

## तयारी

फार काही लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, चित्रकलेचा मऊ बारीक ब्रश, अर्धा लिटरचे दोन-तीन पारदर्शक डबे, मलमलचा तुकडा, रबरबँड, टिश्यू पेपर, कापूस, चिकटपट्टी आणि पेन. फोनच्या कॅमेऱ्याला मॅक्रो असेल तर उत्तम, नसला तरी अडत नाही.

डबा लोणच्याचा किंवा मसाल्याचा असेल तर साबणाने धुऊन दोन दिवस उघडा ठेवा. ज्या डब्याजवळ डासांची कॉइल लावली होती किंवा झुरळाचा स्प्रे मारला होता, तो घेऊच नका. त्यात अळी हमखास मरते आणि आपल्याला वाटतं की पाळायला जमलं नाही.

झाडावर गेल्या आठवड्याभरात काही फवारलं असेल तर आठवून लिहून ठेवा. फवारलेल्या झाडाचं पान अळीला खायला घालता येणार नाही.

## टप्पा १: सुरळी खरंच अळीची आहे का?

इथे घाई होते. पान वळलं म्हणजे अळीनेच वळवलं असं नाही. हात लावण्याआधी भिंगातून तीन गोष्टी शोधा: पान धरून ठेवणारे पांढरे रेशमी धागे, आत काळ्या-हिरव्या लेंड्या आणि कुरतडलेली किंवा खरवडलेली जागा. तिन्ही दिसल्या तर अळी आहे किंवा नुकतीच होती.

धागे आहेत, पण लेंड्या नाहीत आणि पान कुठेच खाल्लेलं नाही? आत बहुधा कोळी असतो. मिरचीची पानं वर वळून आखडली असतील आणि धागा एकही नसेल, तर तो चुरडा-मुरडा, म्हणजे बोकड्या रोग. तिथे पतंग शोधू नका. शोभेच्या फायकसची पानं मध्यशिरेवर दुमडून आत बारीक काळे किडे वळवळत असतील तर ते फुलकिडे. आंब्याचं पान कापून विड्यासारखं घट्ट वळलेलं असेल, त्यात धागा नसेल आणि आत बिनपायाची अळी असेल, तर ते भुंग्याचं काम आहे.

लिंबावर खास सावध राहा. पानाची कड दुमडलेली दिसते, पण पान उजेडात धरलं की आत चंदेरी नागमोडी रेघ असते. ती नागअळी, फिलोक्निस्टिस सिट्रेला. ती पानाच्या सालीखाली राहते आणि कोषात जाताना कड दुमडून घेते. पुस्तकात तिची जागा पान पोखरणाऱ्यांत आहे, गुंडाळणाऱ्यांत नाही.

इशारा: सुरळीतून दाट केसांची अळी निघाली तर बोट लावू नका, ब्रशही जपून वापरा. पान गुंडाळणाऱ्या बहुतेक अळ्यांच्या अंगावर मोजके, विरळ केस असतात. दाट केसाळ अळी आयत्या आडोशाला आलेली असू शकते आणि तिच्या केसांनी आग होते.

## टप्पा २: झाड आणि सुरळीची घडण

पान तोडण्याआधी तीन फोटो घ्या: झाड लांबून, फांदी मधल्या अंतरावरून आणि सुरळी जवळून, शेजारी पट्टी धरून. लोक थेट तिसरा फोटो काढतात. मग ‘हे कोणतं झाड?’ या प्रश्नाला उत्तर नसतं आणि तिथेच अर्धी ओळख हातची जाते. या अळ्या खाण्याबाबत चोखंदळ असतात. भेंडी, जास्वंद, कपाशी, पेटारी ही एका कुळातली झाडं म्हणून त्यांवर एकच अळी चालते; तिला मोगरा दिलात तर ती उपाशी मरेल.

मग घडण बघा. आमच्याकडे सगळ्यालाच ‘गुंडाळलं’ म्हणतात, पण प्रकार निरनिराळे असतात. कर्ण्यासारखी एका टोकाला निमुळती सुरळी भेंडी-जास्वंदीवर असते. भाताचं पातं लांबीने दुमडून आतून हिरवा भाग खरवडला की पांढरे पट्टे उमटतात. शेंड्याची दोन-तीन कोवळी पानं एकत्र शिवून केलेली पुडी कढीपत्त्यावर आणि लिंबावर सापडते. माठ-पालकावर पानांची जाळीदार मोट बांधलेली असते. वहीत यातला प्रकार शब्दांत लिहा, कारण पान दोन दिवसांत वाळतं आणि घडण ओळखू येत नाही.

तपासा: झाडाचं नाव नक्की आहे का? ‘कसलीतरी वेल’ एवढंच माहीत असेल तर फूल किंवा फळ येईपर्यंत फोटो राखून ठेवा आणि पुढचं काम चालू ठेवा.

## टप्पा ३: अळी बघणं

सुरळी सकाळी उघडा, उन्हात नको. एका टोकाने हलकेच धागे सोडवा. मधून फाडलीत तर अळी चिरडते. खाली पांढरा कागद धरा, कारण यातल्या बऱ्याच अळ्या डिवचल्या की झपाट्याने मागे सरकतात, अंग वळवळवतात आणि धाग्यावर लोंबकळत निसटतात. हे वागणंही नोंदवायचं आहे. पान गुंडाळणाऱ्या पतंगांच्या अळ्या अशा चपळ असतात. हळदीवरची फुलपाखराची अळी मात्र सुस्त. तिचं डोकं मोठं आणि मान बारीक, त्यामुळे डोकं वेगळं बसवल्यासारखं दिसतं. एवढ्या एका खुणेवर पतंग आणि फुलपाखरू वेगळे होतात.

पाय मोजा. छातीशी टोकदार पायांच्या तीन जोड्या, पोटाखाली मांसल पायांच्या चार आणि शेपटाशी एक. एवढं जुळलं की आपण वाटेवर आहोत.

नंतर डोक्याचा रंग, डोक्यामागच्या ढालीसारख्या भागाचा रंग, अंगावर पट्टे किंवा ठिपके आणि लांबी टिपा. काकडी-दोडक्यावरची डायफॅनिया इंडिकाची अळी हिरवी, पाठीवर लांबलचक दोन पांढऱ्या रेघा. भेंडीवरची अळी हिरवट, चकचकीत, काहीशी पारदर्शक आणि डोकं गडद. हिरवा रंग मात्र कधीच एकटा पुरावा धरू नका. पोटातलं पान बाहेरून दिसत असतं. कोवळं पान खाल्लेली अळी पोपटी दिसते आणि जून पान खाल्लेली काळपट.

## टप्पा ४: पाळणं

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आणि हाच सर्वांत जास्त बिघडतो. पाळल्याशिवाय या गटाची खात्रीची ओळख फार कमी वेळा होते.

एका डब्यात एकच अळी ठेवा. दोन ठेवल्या आणि पतंग एकच निघाला, तर तो कोणाचा हे कळत नाही. तळाशी टिश्यू अंथरा. पानाच्या देठाला ओला कापूस गुंडाळून त्यावर चिकटपट्टी लावा, म्हणजे पान टवटवीत राहील आणि पाणी सांडणार नाही. तोंडाला मलमल बांधा. डब्यावर त्याच क्षणी चिठ्ठी चिकटवा: तारीख, झाड, जागा, अळीची लांबी. ‘नंतर लिहू’ म्हणून ठेवलेल्या डब्यांची माझ्याकडे एका पावसाळ्यात सरमिसळ झाली होती. जास्वंदीवरून आलेला पतंग कोणता आणि तगरीवरचा कोणता, हे आजतागायत मला सांगता येत नाही.

डबा सावलीत, हवेशीर जागी ठेवा. खिडकीच्या उन्हात नको, फ्रिजवर नको, स्वयंपाकघरात फोडणीच्या धुरात तर नकोच.

आर्द्रतेवर लक्ष असू द्या. डब्याच्या आतून पाण्याचे थेंब जमले तर लगेच पुसा आणि टिश्यू बदला. कोकणात आणि घाटमाथ्यावर श्रावणात डबा दोन दिवसांत बुरसटतो आणि अळी काळी पडून मऊ होते. उलट मराठवाड्यात उन्हाळ्यात पान एका दुपारीत कुरकुरीत होतं. तिथे कापूस रोज ओला करावा लागतो. एकच नियम सगळीकडे चालत नाही, डब्याकडे बघूनच ठरवायचं.

लेंड्या रोज काढा. पान एक दिवसाआड बदला, पण अळी उचलून नव्या पानावर टाकू नका. जुनी सुरळी नव्या पानाला टेकवून ठेवा. भूक लागली की ती आपण होऊन सरकते. आणि रोज सुरळी उघडून बघू नका. प्रत्येक वेळी तिला नवं रेशीम काढून घर बांधावं लागतं आणि त्यात तिची शक्ती जाते. उत्सुकता आवरा, पारदर्शक डबा त्यासाठीच आहे.

एक दिवस ती खाणं थांबवेल, अंग आखडेल, बऱ्याच जातींत रंगही बदलेल. ती आजारी नाही, कोषात जायची तयारी चालू आहे. इथून पुढे पान बदलणं बंद. भेंडीवरच्या अळीला अंड्यातून निघाल्यापासून इथपर्यंत साधारण 15 ते 35 दिवस लागतात. हवा थंड असेल तसे दिवस वाढतात.

इशारा: अळीशेजारी पांढरे कापसासारखे बारीक कोष दिसले तर ते फेकू नका. ते परजीवी गांधीलमाशीचे असतात. कधी पतंगाच्या कोषातून पिवळी, काळ्या ठिपक्यांची किंवा जाड मांड्यांची काळी गांधीलमाशी निघते. तुमची अळी गेली, पण नोंद अनमोल आहे: कोणत्या झाडावरच्या कोणत्या अळीला कोणती माशी लागली, हे अशाच डब्यातून कळतं. आणि बागेत या माश्या आहेत म्हणजे फवारणी न करायला आणखी एक कारण आहे.

## टप्पा ५: कोष आणि त्याची रिकामी साल

कोषाला हात न लावता फोटो घ्या. डब्यात एक खरखरीत काडी तिरकी उभी करा. पतंग बाहेर आल्यावर त्याला पंख उलगडायला वर चढून लोंबकळायला जागा लागते. ती नसली तर पंख चुरगळलेले राहतात आणि मग ओळखही पटत नाही. भेंडीवरच्या पतंगाचा कोष साधारण 6 ते 12 दिवस टिकतो. आदल्या दिवशी तो गडद होतो आणि पंखांची नक्षी सालीतून दिसू लागते.

पतंग निघाल्यावर सगळं लक्ष त्याच्याकडे जातं आणि रिकामी साल कचऱ्यात जाते. तसं करू नका. ती कुठे आहे ते बघा. सुरळीतून अर्धी बाहेर डोकावत असेल, तर पतंग टॉर्ट्रिसिडी कुळातला असण्याची दाट शक्यता आहे. त्यांचा कोष पतंग निघायच्या आधी पोटावरच्या काट्यांच्या रांगांच्या आधाराने बाहेर सरकतो. साल सुरळीच्या आतच राहिली असेल तर क्रॅम्बिडी कुळाकडे वळा. पंखांवरच्या रंगापेक्षा ही खूण मला जास्त भरवशाची वाटते, कारण रंग झडतात.

डब्यात लालसर किंवा तपकिरी थेंब पडलेला दिसेल. ते रक्त नाही; कोषातला साठलेला मळ पतंग बाहेर आल्यावर टाकतो.

## टप्पा ६: आता पतंग

पतंग बहुधा संध्याकाळनंतर निघतो. पंख सुकायला निदान दोन तास द्या. फडफडत असेल तर डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात दहा मिनिटं ठेवा, फ्रीझरमध्ये कधीही नाही. मग तो शांत बसतो.

फोटो चार: वरून, बाजूने, समोरून तोंडाचा आणि पट्टीसकट एक. फोनचा फ्लॅश थेट मारू नका. खवले चमकतात आणि फिकट नक्षी धुऊन जाते. दिव्यासमोर पांढरा कागद धरा किंवा सकाळच्या खिडकीच्या उजेडात काढा. मिशांची टोकं फोटोत आली पाहिजेत.

आधी बसण्याची ढब बघा, रंग नंतर. टॉर्ट्रिसिडीतले पतंग पंख छपरासारखे मिटून बसतात आणि वरून पाहिलं तर बाह्याकार देवळातल्या घंटेसारखा दिसतो. ते बारके असतात, तपकिरी, विटकरी, मातकट. वाळक्या पानाच्या तुकड्यावर बसले की समोर असून दिसत नाहीत. क्रॅम्बिडीतले पंख पसरून त्रिकोणात बसतात, पाय लांब आणि सडपातळ, मिशा पाठीवर मागे टाकलेल्या. यातले कित्येक पानाच्या खालच्या बाजूला उलटे चिकटतात. म्हणून दिवसा बागेत ते दिसत नाहीत, झाड हलवलं की उडतात आणि दोन हातांवर जाऊन पुन्हा पानाखाली लपतात. तिसरा गट, तोंडासमोरून शिंगांसारखे वर वळलेले दोन अवयव असणारा: कढीपत्ता आणि लिंबावर पुड्या करणारा सोरोस्टिका झिझिफी यातला. करडा-तपकिरी आणि इतका छोटा की कोमेजलेल्या कढीपत्त्याच्या पानावर तो धुळीच्या ठिपक्यासारखा वाटतो. समोरून काढलेला तोंडाचा फोटो उपयोगी पडतो तो इथे.

आता नक्षी. मोगऱ्यावर तपकिरी पंखांत पांढऱ्या खिडक्या असलेला पतंग निघाला तर नॉसिनोई जिओमेट्रालिस. माठ-पालकावरून गडद तपकिरी, पंखांवर ठसठशीत पांढरा पट्टा असलेला आला तर स्पोलाडिया रिकर्व्हालिस. काकडीवरून पांढरे पंख, भोवती गडद किनार आणि शेपटाशी केसांचा झुबका असलेला आला तर डायफॅनिया इंडिका. या तिघांत गोंधळ व्हायचं फारसं कारण नाही.

## भेंडी-जास्वंदीचा पतंग, जरा सविस्तर

सगळ्यात जास्त चुका याच्याच बाबतीत होतात. हारिटालोडीस डेरोगाटाला जुन्या पुस्तकांत सिलेप्टा डेरोगाटा म्हणत, त्यामुळे दोन नावं पाहून ते दोन पतंग समजू नका. पसरलेले पंख साधारण 28 ते 40 मिलिमीटर. रंग पिवळसर पांढरा, त्यावर तपकिरी नागमोडी रेघांचं जाळं, आणि डोक्या-छातीवर बारीक काळे-तपकिरी ठिपके. जुन्या, झिजलेल्या पतंगावर हे जाळं पुसट होतं, ठिपके बराच काळ टिकतात.

याच झाडावर बसलेला दुसरा एक पतंग हमखास फसवतो: मळकट पांढऱ्या पंखांवर मधोमध हिरवा पाचरीसारखा पट्टा. तो इअरिअस व्हिटेला, भेंडीचे शेंडे आणि फळं पोखरणारा. त्याची अळी पानाची सुरळी करत नाही. भेंडीवर बसला म्हणजे सुरळी त्याचीच, हा तर्क इथे साफ चुकतो.

तपासा: अळी सुरळीतून काढलेली होती, डबा एकट्या तिचाच होता आणि पतंग त्याच डब्यात निघाला. तिन्ही ‘हो’ असतील तरच पुढे जा.

## टप्पा ७: नाव कुठपर्यंत लिहायचं

जेवढं दिसलं तेवढंच. फक्त सुरळीचा फोटो असेल तर ‘भेंडीवरची पान गुंडाळणारी अळी, बहुधा क्रॅम्बिडी’ इथे थांबा. पाळून पतंग मिळाला आणि नक्षी स्पष्ट असेल तर प्रजातीपर्यंत, म्हणजे शास्त्रीय नावातल्या पहिल्या शब्दापर्यंत जा. हारिटालोडीसमध्ये एकमेकांसारख्या दिसणाऱ्या जाती आहेत, त्यामुळे जात ठरवताना झाडाची नोंद आणि माहीतगाराचा डोळा दोन्ही हवेत. टॉर्ट्रिसिडीतल्या मातकट पतंगांची जात कित्येकदा सूक्ष्मदर्शकाखाली जननांग तपासूनच ठरते; तिथे फोटोवरून जात लिहिणं सरळ चूक आहे.

फोनमधलं ॲप किंवा आयनॅचरलिस्ट हे निसर्गनोंदींचं संकेतस्थळ नाव सुचवतं, ते सुरुवात म्हणून घ्या. चित्रातलं साम्य पाहून ते बोलतं. झाड कोणतं होतं आणि साल कुठे राहिली हे ते तुम्हाला विचारत नाही. नोंद टाकताना झाड, सुरळी, अळी, कोष आणि पतंग यांचे फोटो त्याच क्रमाने एकाच नोंदीत ठेवा आणि ‘अळीपासून पाळलेला’ असं आवर्जून लिहा. मॉथ्स ऑफ इंडिया या भारतीय पतंगांच्या संकेतस्थळाच्या पानांवर जुळवताना एका सुंदर फोटोवर विसंबू नका. झिजलेले नमुनेही बघा, कारण तुमच्या अंगणातला बहुधा तसाच असतो.

ओळख झाली की पतंग संध्याकाळी त्याच झाडाजवळ सोडा. भेंडीवर सुरळ्या फार झाल्या असतील तर हाताने वेचून काढा, आतल्या अळीसकट. सुरळीच्या आत औषध नीट पोचत नाही, म्हणून वरून केलेली फवारणी वाया जाते आणि मरतात त्या गांधीलमाश्या. कोषाची रिकामी साल मात्र आगपेटीत कापसावर ठेवा, चिठ्ठीसकट. पुढच्या पावसाळ्यात तशीच सुरळी सापडली की तिच्याशेजारी ठेवून बघता येते.